पेटीतली लोकर आणि नावाची चिठ्ठी



आपल्या सिनेगॉगच्या वर्धापनदिनानिमित्त सभागृहात एक काचेचे कपाट ठेवले आहे. त्यात समाजातील घराघरांतून आलेले जुने लोकरी लष्करी गणवेष आणि टोप्या मांडल्या आहेत. "जेथे सेफेर तोरा आहे तेथे फौजी डगले कशाला?" असे काही वडीलधाऱ्यांनी आम्हांला विचारले. प्रश्न रास्त आहे, म्हणून हा लेख.

आपल्या समाजात सिनेगॉग आणि पलटण यांचे नाते फार जुने आहे. मुंबईतील आपले पहिले सिनेगॉग, शाआर हारहमीम, म्हणजे आपली जुनी मशीद, १७९६ साली उभारले ते समाजी हसाजी दिवेकर यांनी. ते कंपनी सरकारच्या मुंबई फौजेत अधिकारी होते. टिपू सुलतानाच्या कैदेत सापडले असता, सुखरूप सुटलो तर देवाचे घर बांधीन असा नवस त्यांनी केला, असे आपण पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलो. त्यांच्यानंतर शंभर वर्षे आपली कितीतरी माणसे मुंबईच्या पलटणींत सुभेदार, जमादार, हवालदार होती. त्यांची नोंद हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी १८९७ साली लिहिलेल्या इतिहासात आहे. तो ग्रंथ छापला गेला तो १९३७ साली, तेल अवीवमध्ये. पुढे सैन्यात जातवार पलटणी होऊ लागल्या आणि संख्येने लहान असलेल्या आपल्या समाजाची भरती कमी झाली. तरी दोन्ही महायुद्धांत आपली माणसे गेलीच.

त्या पहिल्या काळातील तांबड्या बनातीचे डगले आमच्या कपाटात नाहीत. आहेत ते बहुतेक दुसऱ्या महायुद्धातील जाड खाकी सर्जचे. इस्राएलच्या सैन्यानेही सुरुवातीच्या वर्षांत ब्रिटिशांचे असेच लोकरी गणवेष हिवाळ्यात वापरले. त्यामुळे काही घरांत आजोबांचा डगला मुंबईचा आणि मुलाचा येथला, पण कापड अगदी सारखे.

आता आमच्या हातून झालेली एक चूक सांगतो. आमचे आजोबा युद्धात होते. नावेच्या आकाराची, घडीची, खाकी लोकरी टोपी त्यांच्या पत्र्याच्या पेटीतून आमच्याबरोबर या देशात आली. आम्ही तेव्हा नर्सिंगचे शिक्षण घेत होतो. स्वच्छतेचे वेड डोक्यात होते. टोपीला घामाचा वास येतो म्हणून ती गरम पाण्यात, साबण लावून, चोळून धुतली. लोकरीच्या धाग्यावर बारीक खवले असतात. गरम पाण्यात चोळले की ते एकमेकांत अडकतात आणि पुन्हा सुटत नाहीत. टोपी आटून लहान मुलाच्या डोक्याएवढी झाली. पण खरे नुकसान दुसरेच होते. आतल्या अस्तरावर आजोबांनी शाईने आपला फौजी नंबर लिहिला होता. तो धुऊन गेला. घरात दुसरीकडे तो कोठेच लिहिलेला नव्हता. आपल्यात आब्राहाम, मोझेस, सॅम्युएल ही नावे प्रत्येक घरात. नंबराशिवाय कोणता आब्राहाम कोणत्या पलटणीत होता, हे शोधायचे कसे? पपांनी आम्हांला एका शब्दाने दोष दिला नाही. त्यामुळे तर ते अधिक लागले.

म्हणून कपाटासाठी कपडे येऊ लागले तेव्हा आम्ही पहिला नियम केला: धुवायचे नाही, इस्त्री नाही, बिल्ल्याला पॉलिश नाही. पॉलिशची पूड कापडात बसते आणि डाग पडतो. आधी कपडा उलटा करून आत काय लिहिले आहे ते वहीत उतरवायचे आणि फोटो काढायचा.

लोकरीचा मोठा शत्रू कसर. उडणारा पतंग कापड खात नाही, त्याची अळी खाते, आणि तिला घामट, डागाळलेला भाग विशेष आवडतो. आलेला प्रत्येक कपडा आम्ही प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत घट्ट बांधून घरच्या फ्रीजरमध्ये, उणे १८ ते २० अंशांवर, दोन आठवडे ठेवला. बाहेर काढल्यावर एक दिवस पिशवी उघडली नाही, नाहीतर थंड कापडावर पाणी सुटते. मग वर जाळी धरून, व्हॅक्यूम अगदी मंद लावून, धूळ काढली.

डांबरगोळ्या मात्र नकोत. हे नर्स म्हणून सांगतो. ज्यांच्या रक्तात जी-६-पीडी कमी असते, त्यांच्या, विशेषतः तान्ह्या बाळांच्या, रक्तातील तांबड्या पेशी डांबरगोळ्यांत ठेवलेल्या कपड्यांमुळे फुटू शकतात. पेटीतून काढलेली आजीची लोकरी शाल बाळाला तशीच गुंडाळू नये.

टोप्यांचा आकार राहावा म्हणून आत आम्लरहित कागदाचे बोळे घातले. डगल्यांच्या हँगरला धुतलेले सुती कापड जाड गुंडाळले. उजेडाने रंग उडतो आणि तो परत येत नाही. संग्रहालये अशा कापडावर साधारण ५० लक्सपेक्षा अधिक उजेड पडू देत नाहीत. म्हणून कपाट खिडकीपासून दूर आहे, आतील दिवा सणाच्या दिवशी थोडा वेळच लागतो, आणि दर सहा महिन्यांनी कपडे बदलतो. चांदीची पदके वेगळी ठेवली, कारण लोकरीतील गंधकाने चांदी काळी पडते.

नातवंडे म्हणतात, एकदा घालून फोटो काढू द्या. आम्ही नाही म्हणतो. एक तर शिवण उसवते. शिवाय जुन्या डगल्यांच्या कॉलरमध्ये ताठपणासाठी पुष्कळदा लिननचे कापड असते, आणि लोकर व लिनन एकत्र घालू नये अशी तोराची आज्ञा आहे. ती अंगावर घालण्याबद्दल आहे. जपून ठेवायला हरकत नाही.

आता वडीलधाऱ्यांच्या प्रश्नाचे उत्तर. सिनेगॉगमध्ये आपण गेलेल्यांची नावे घेतो. कपाटातील प्रत्येक डगल्याखाली एक चिठ्ठी आहे: नाव, गाव, पलटण, नंबर, साल. ज्याची चिठ्ठी कोरी, तो डगला नुसते कापड. अजून पाच चिठ्ठ्या कोऱ्या आहेत. हे कपडे ओळखू शकतील अशी माणसे आपल्यात आता थोडीच उरली आहेत, आणि त्यांतली काही हे पान वाचत असतील. शाब्बाथच्या प्रार्थनेनंतर जरा कपाटापाशी थांबा. चष्मा आणायला विसरू नका. आणि घरी पेटी असेल तर धुण्याआधी आम्हांला दाखवा.