टॅपेटमधली फट

कडे आणि गोळ्याचा प्रयोग आपण सगळेच वर्गात करून दाखवतो. थंड गोळा कड्यातून सहज जातो, तापवला की अडतो. मग उदाहरण येते रेल्वेच्या रुळांमधल्या फटीचे. आता बहुतेक मुख्य मार्गांवर रूळ एकमेकांना वेल्ड केलेले असतात, त्यामुळे ती फट मुलांना क्वचितच पाहायला मिळते. पण त्याच कारणासाठी ठेवलेली दुसरी एक फट शाळेच्या आवारात उभ्या असलेल्या मोटरसायकलीत असते. मेकॅनिक 'टॅपेट सेट करतो' म्हणजे ही फट तपासून योग्य मापाची करतो. तिचा इतिहास शंभराहून अधिक वर्षांचा आहे.

चार स्ट्रोकच्या एका सिलिंडरला निदान दोन व्हॉल्व्ह, म्हणजे झडपा लागतात. एक पेट्रोल-हवेचे मिश्रण आत घेते, दुसरी जळालेला वायू बाहेर सोडते. 1895 च्या सुमारास फ्रान्समधल्या द दिआँ-बूताँ कंपनीने तीनचाकीसाठी जे हलके, एका सिलिंडरचे इंजिन केले, त्यात आत घेणारी झडप आपोआप उघडत असे. पिस्टन खाली जाताना निर्माण होणारे शोषण तिला ओढून घेई आणि अशक्त स्प्रिंग तिला परत मिटवी. तिला ढकलणारे काही नव्हतेच, त्यामुळे फटीचा प्रश्नही नव्हता. बाहेर सोडणारी झडप मात्र कॅमने उचलावी लागे.

इंजिनांचा वेग वाढला तसे शोषणावर विसंबणे परवडेनासे झाले. मिनिटाला 3000 फेरे घेणाऱ्या इंजिनात प्रत्येक झडप सेकंदाला 25 वेळा उघडते. अशी घाई अशक्त स्प्रिंगला झेपत नाही. म्हणून विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात दोन्ही झडपा कॅमने उघडण्याची पद्धत रूढ झाली आणि फटी दोन झाल्या.

फट किती हवी, याचा अंदाज वर्गातल्या सूत्राने काढता येतो. झडपेची लांबी 100 मिलिमीटर आणि तिच्या सरासरी तापमानातली वाढ 300 अंश सेल्सिअस समजू. पोलादाचा रेषीय प्रसरणांक सुमारे 0.000012 आहे. गुणाकार केला की लांबीतली वाढ 0.36 मिलिमीटर येते. भोवतालचा धातूही प्रसरण पावतो, म्हणून प्रत्यक्षात याहून कमी फट पुरते. ती साधारणपणे मिलिमीटरच्या काही शतांशांत मोजली जाते. बाहेर सोडणारी झडप जास्त तापते, म्हणून बहुधा तिची फट मोठी ठेवतात.

फट मोठी राहिली तर इंजिन टकटक वाजते. झडप उशिरा आणि थोडी कमी उघडते, सुटे भाग एकमेकांवर आपटून झिजतात. हा दोष कानाला कळतो. फट फार कमी असेल तर मात्र काहीच ऐकू येत नाही. तापून लांबलेली झडप आपल्या बैठकीवर पूर्ण टेकत नाही आणि तप्त वायू तिच्या कडेने निसटू लागतो. झडपेतली बरीचशी उष्णता या बैठकीतूनच सिलिंडर-हेडमध्ये जात असते. ती वाटही बंद झाल्यामुळे झडपेची कड जळते. 'आवाज येतो, टॅपेट जरा घट्ट करून द्या,' असे सांगणारा गिऱ्हाईक नकळत हेच मागत असतो.

झडपा सिलिंडरच्या शेजारी होत्या तोवर कॅमपासून झडपेपर्यंतचा मार्ग आखूड होता. त्या डोक्यावर गेल्या तेव्हा मधे लांब पुशरॉड आणि रॉकर आले. आता हिशेबात झडपेबरोबर पुशरॉड, सिलिंडर आणि हेड यांचेही प्रसरण धरावे लागले. पुशरॉड किंवा झडप लांबली की फट कमी होते. सिलिंडर आणि हेड लांबले की ते रॉकरला वर उचलतात आणि फट वाढते.

आपल्याकडे याचे उत्तम उदाहरण म्हणजे बुलेट. इंग्लंडमध्ये 1948-49 साली आलेली ही 350 सीसीची मोटरसायकल 1955 पासून मद्रासमध्ये तयार होऊ लागली. तिचा सिलिंडर बिडाचा, हेड ॲल्युमिनियमचे आणि पुशरॉडही ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे. ॲल्युमिनियमचा प्रसरणांक पोलादाच्या जवळजवळ दुप्पट आहे. 200 मिलिमीटर लांबीचा रॉड 80 अंशांनी तापला तर पोलादाचा 0.19 मिलिमीटर वाढेल, ॲल्युमिनियमचा 0.37. वर सरकणाऱ्या रॉकरच्या मागे पोलादी रॉड फार मागे पडला असता. ॲल्युमिनियमचा रॉड त्याला बऱ्यापैकी गाठतो. म्हणून या बुलेटला थंड असताना फट शून्य ठेवण्याची सूचना आहे.

पण शून्य म्हणजे घट्ट नव्हे. पिस्टन कॉम्प्रेशनच्या अखेरीस सर्वांत वर आणला की दोन्ही झडपा मिटलेल्या असतात. त्या वेळी पुशरॉड बोटांनी सहज फिरला पाहिजे, पण वरखाली हलता कामा नये. इतर गाड्यांना ज्या जागी फीलर गेजची पातळ पाती लागते, त्या जागी इथे बोटांचा अंदाज चालतो. इंजिन मात्र पूर्ण थंड हवे. गरम इंजिनावर थंडीचे माप लावले तर सारा हिशेब चुकतो.

वापराने फट बदलते, तीही दोन्ही दिशांनी. टॅपेट आणि रॉकर झिजले की ती वाढते. झडप बैठकीत रुतत गेली की ती कमी होते. 1921 साली टॉमस मिजली यांनी इंजिनातले ठोके थांबवण्यासाठी शिशाचे संयुग शोधले. त्या शिशाचा थर बैठकीचे रक्षणही करत असे. शिसे आरोग्याला घातक असल्याने ते काढणे आवश्यकच होते. भारतात फेब्रुवारी 2000 पासून सर्वत्र शिसेविरहित पेट्रोल आले. मऊ बैठका असलेल्या जुन्या इंजिनांत त्यानंतर फट नियमित तपासणे अधिकच गरजेचे झाले.

फट स्वतःच भरून काढणारे, तेलाच्या दाबावर चालणारे टॅपेट 1930 साली कॅडिलॅकच्या सोळा सिलिंडरी मोटारीत आले होते. बुलेटच्या घराण्यात ते 2008-09 पासूनच्या नव्या इंजिनात आले. पण त्याच कंपनीने 2016 साली आणलेल्या, डोक्यावर कॅम असलेल्या हिमालयनमध्ये स्क्रू फिरवून फट ठेवण्याची पद्धत पुन्हा दिसली.

प्रसरणाचा धडा शिकवताना ओळखीच्या मेकॅनिकला एखादे थंड इंजिन उघडून दाखवायला सांगावे. मुलांनी फट मोजावी आणि मग वहीत हिशेब करावा. आवाज न करणारे इंजिन निरोगी असतेच असे नाही, हे त्यांना आकड्यांनी पटेल.