दुभाष्याची कामगिरी

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने ‘विंडोज १०’ची मोफत देखभाल थांबविली. ‘विंडोज ११’ला टीपीएम २.० ही सुरक्षाव्यवस्था व अलीकडच्या पिढीचा प्रोसेसर हवा. त्यामुळे धडधाकट असूनही असंख्य संगणक दाराबाहेर राहिले. त्यांवर खेळणाऱ्यांपुढे प्रश्न उभा राहिला तो असा, की टाकावे काय, यंत्र की प्रणाली?

दुसऱ्या वाटेची पायाभरणी फार पूर्वी झाली होती. १९९१ साली हेलसिंकीत लिनस टोर्व्हाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने लिनक्सचा गाभा रचला, आणि १९९२ मध्ये तो मुक्त परवान्याने सर्वांना खुला केला. पण खेळ बहुतेक विंडोजचीच भाषा बोलत. १९९३ मध्ये आरंभलेल्या ‘वाइन’ने दुभाष्याचे काम पत्करले. तिच्या नावातच ‘हे नक्कलयंत्र नव्हे’ असा मिस्किल खुलासा दडलेला आहे. खेळाची मागणी ऐकावी आणि ती लिनक्सच्या परिभाषेत सांगावी, एवढेच तिचे व्रत. पंचवीस वर्षे हे काम चिकाटीने, पण अडखळत चालले. ऑगस्ट २०१८ मध्ये व्हॉल्व्ह कंपनीने त्यावर ‘प्रोटॉन’ उभारले. चित्रांच्या आज्ञा ‘व्हल्कन’मध्ये उतरविणारा भाग त्यात होता, यशाचा मोठा वाटा त्याचाच.

जुन्या यंत्राच्या धन्याला ठेच लागते ती नेमकी येथेच. त्याचे ग्राफिक्स कार्ड व्हल्कन जाणत नसेल, तर ओपनजीएलची जुनी, बहुधा मंद वाट धरावी लागते. शिवाय काही ऑनलाइन खेळांतील लबाडी रोखणारे पहारेकरी लिनक्सला आत येऊच देत नाहीत. तेथे दुभाष्याचे काही चालत नाही.