‘प्राचीन’ अकिता : एका शब्दाची तपासणी



सुट्टीत घिवलीला घरी गेलो तर मावसभावाने एकच धोशा लावलेला, "दादा, मला अकिता पाळायचाय." हाचिकोचा सिनेमा बघून पोरगं पार वेडं झालं होतं. साठवलेले पैसे आगाऊ भरायलाही तयार. कारण काय, तर "हजारो वर्षं जुनी, शुद्ध जपानी जात आहे." म्हटलं, थांब, पैसे भरण्याआधी हे वाक्य तपासू.

आधी इतिहास बघू. मेइजी काळात (१८६८-१९१२) जपानमध्ये परदेशी कुत्र्यांची हौस वाढली. उत्तरेकडच्या अकिता प्रांतात, ओदाते भागात कुत्र्यांच्या झुंजी चालत. त्यासाठी तिथल्या कुत्र्यांचा तोसा आणि युरोपीय जातींशी संकर झाला. देशी कुत्री संपतील या काळजीने साइतो हिरोकिची यांनी १९२८ मध्ये ‘निहोनकेन होझोनकाई’ ही संस्था काढली. १९३१ मध्ये सरकारने अकिताला ‘नैसर्गिक स्मारक’ ठरवलं. १९३७ पर्यंत शिबा, काई, किशू, शिकोकू आणि होक्काइदो यांनाही तो मान मिळाला. कान कसे, शेपटी कशी, याचे नियम याच काळात लिहिले गेले. म्हणजे कुत्री जुनी, पण ‘जात’ माणसांनी निवड करून पक्की केलेली, तीही विसाव्या शतकात.

हाचिको त्याच काळातला. त्याचे मालक प्राध्यापक उएनो १९२५ मध्ये वारले. तो मार्च १९३५ मध्ये मरेपर्यंत शिबुया स्टेशनवर येत राहिला. त्याची गोष्ट १९३२ मध्ये वर्तमानपत्रात पोचवली ती याच साइतोंनी! १९३४ मध्ये पुतळा उभा राहिला, युद्धात धातूसाठी वितळवला गेला, १९४८ मध्ये नवा बसला. कुत्र्याची माया खरीच, पण तिला प्रसिद्धी मिळाली त्यामागे तेव्हाचा राष्ट्राभिमानही होता.

आता विज्ञान. २००४ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात ८५ जातींच्या ४१४ कुत्र्यांचा जनुकीय अभ्यास आला. त्यात अकिता आणि शिबा लांडग्याच्या जवळच्या गटात निघाले. झालं, ‘प्राचीन’ शब्दावर शिक्का बसला! पण २०१२ मध्ये दुसऱ्या संशोधकांनी दाखवलं, की या जाती वेगळ्या दिसतात त्या वयामुळे नव्हे, तर अलीकडच्या काळात इतर जातींशी कमी मिसळल्यामुळे. वेगळेपण तेच, अर्थ बदलला. संशोधनाला बसणाऱ्यांनी हा फरक वहीत लिहून ठेवावा.

भावाला हे सगळं सांगितलं. शिवाय व्यवहारही सांगितला. बर्फाळ मुलखातला दुहेरी केसांचा कुत्रा आमच्या किनाऱ्यावरच्या दमट उकाड्यात धापा टाकणार. कायद्याचंही तसंच. व्यापारासाठी कुत्री आयात करण्यावर २०१६ पासून निर्बंध आले. मार्च २०२४ च्या केंद्राच्या बंदीपत्रातल्या २३ जातींत अकिता होता. ते पत्र कर्नाटक उच्च न्यायालयाने एप्रिलमध्ये रद्द केलं.

दोन दिवस तो माझ्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी किनाऱ्यावरच्या होडीखालचं एक गावठी पिल्लू घेऊन आला. नाव ठेवलंय हाचिको. यावर मात्र मी काहीही तपासलं नाही.

तुमच्या विषयातही ‘मूळ’, ‘शुद्ध’, ‘प्राचीन’ असे शब्द असतील. प्रत्येकापुढे लिहा : कोणी ठरवलं, कधी आणि कशासाठी? प्रबंधाचं पहिलं प्रकरण बहुतेक तिथेच सापडेल.