नाममुद्रा : वामनदादांच्या गाण्यावरची सही

हिंगोली जिल्ह्यातल्या गोरेगावसारख्या गावात 14 एप्रिलची रात्र गायन पार्टीवाचून सरत नाही. पेटी, ढोलकी, कोरसाला बसलेली चार पोरं आणि पुढं गाणारा. कडव्यामागून कडवी जातात आणि शेवटच्या कडव्यात एक नाव येतं : वामन. गाणाऱ्याचं नाव वेगळं असतं, गाव वेगळं असतं. तरी श्रोत्यांना त्यात काही वावगं वाटत नाही. गाणं कुणाचं, हे त्या एका शब्दानं सांगितलेलं असतं. या शब्दाचाच थोडा मागोवा इथे घ्यायचा आहे.

वामन तबाजी कर्डक यांचा जन्म 15 ऑगस्ट 1922 रोजी सिन्नर तालुक्यातल्या देशवंडी गावचा. पोटासाठी कुटुंब मुंबईला आलं आणि दादांनी मिळेल ते काम केलं. कुणीतरी पत्र वाचून मागितलं, तेव्हा वाचता येत नाही याची लाज वाटली आणि देहलवी गुरुजींकडून ते अक्षरं शिकले, ही हकिकत सर्वपरिचित आहे. पहिलं गाणं 1943 सालचं, तेही एका हिंदी गाण्याच्या चालीवर रचलेलं विडंबन. पुढची साठ वर्षं मात्र आंबेडकरी चळवळीची. नाशिक जिल्ह्यातल्याच भीमराव कर्डक यांनी उभी केलेली जलशाची वाट त्यांच्यापुढं होती. जलशाचं नाट्य मागं पडून सुटं गीत आणि कव्वालीचा मुकाबला पुढं आला, तो काळ वामनदादांचा.

त्याच सुमारास जगाच्या दुसऱ्या टोकाला काय चाललं होतं, हेही पाहण्यासारखं आहे. 1927 साली अमेरिकेतल्या ब्रिस्टल गावी राल्फ पीर यांनी कार्टर कुटुंब आणि जिमी रॉजर्स यांची गाणी तबकडीवर घेतली. डोंगराळ खेड्यांतलं ते गाणं कंट्री म्युझिक म्हणून बाजारात स्थिरावलं, कारण तबकडीमागं प्रकाशनहक्क होता, हक्कामागं मानधन. वामनदादांच्या गाण्यामागं होतं काय? काही गाणी चित्रपटांत गेली, काही तबकड्यांवर आणि कॅसेटवर आली. बाकीची तोंडातून तोंडात आणि वहीतून वहीत फिरली. मराठवाड्यात 27 जुलै 1978 च्या विधिमंडळ ठरावापासून 14 जानेवारी 1994 पर्यंत नामांतराचा लढा चालला. त्या सोळा वर्षांत चळवळीची गाणी गावोगाव पोहोचली, ती अशाच वह्यांतून.

अशा व्यवहारात कवीजवळ हक्काचा कागद एकच : शेवटच्या कडव्यातलं स्वतःचं नाव. गझलेत मक्त्यात तखल्लुस येतो, तसं. हे नाव वृत्तात आणि यमकात असं बसवलेलं असतं, की ते काढून दुसरं घालावं तर ओळ लंगडते. चोरी अगदीच अशक्य होत नाही. पण सोपी राहत नाही.

आणि ही सही मराठवाड्याला नवी नाही. याच जिल्ह्यातल्या नर्सीशी संत नामदेवांचं नाव जोडलेलं आहे आणि त्यांच्या अभंगांच्या शेवटी ‘नामा’ येतोच. मात्र नामदेवांचा अनुभव इशाराही देतो. पुढच्या काळात विष्णुदास नामा आणि इतरही ‘नामे’ झाले, त्यांची रचना मूळ गाथेत मिसळली आणि कुठला अभंग कुणाचा यावर अभ्यासक आजवर वाद घालत आले. उलट नामदेवांची 61 पदं शिखांच्या ग्रंथात लिहून ठेवली गेली, त्यामुळं निदान त्यांचा पाठ स्थिरावला. नाममुद्रा चोराला अडवते. भक्ताला अडवत नाही. प्रेमापोटी रचलेलं नवं गाणंही जुन्या नावाखाली उभं राहतं.

वामनदादांच्या बाबतीत हे घडायला वेळ लागणार नाही. त्यांची गाणी हजारोंत मोजली जातात. ‘वाटचाल’, ‘मोहळ’ यांसारख्या संग्रहांत त्यांतली थोडीच बसली. 15 मे 2004 रोजी ते गेले. त्यांच्यासोबत गायलेली पिढीही आता थकली आहे. गाण्याची खरी प्रत ठरवायची तर छापील पुस्तक पुरणार नाही. गायन पार्ट्यांच्या तेलकट, कडा झिजलेल्या वह्या एकमेकींशेजारी ठेवून वाचाव्या लागतील. कुठलं कडवं सगळीकडं आहे, कुठलं एकाच गावात, हे त्यातूनच कळेल.

अक्षर उशिरा भेटलेल्या माणसानं आपलं नाव हजारो गाण्यांत कोरलं. ती सही ओळखणारे कान गावात अजून आहेत. वह्या आहेत तोवर हे काम व्हायला हवं.