प्रकाशाची एकेरी वाट

जालन्याच्या जुन्या वस्तीतील एखाद्या माडीच्या जाळीआड भर दुपारी उभे राहावे, म्हणजे रस्ता स्वच्छ दिसतो. रस्त्यावरच्यास मात्र आतले माणूस दिसत नाही. जाळी प्रकाशाला एकाच बाजूने वाट देते, असे आम्ही लहानपणी समजत असू. परंतु तिन्हीसांजेला आत दिवा लागला की सारे उलटते. जाळी तीच असते. उजेडाची बाजू तेवढी बदललेली असते.

प्रकाश ज्या वाटेने जातो, त्याच वाटेने तो परतूही शकतो, हा नियम एकोणिसाव्या शतकात स्टोक्स व हेल्महोल्ट्झ यांनी मांडला. त्यातून सुटण्याचा मार्ग लोहचुंबकाने दाखविला. १८४५ साली लंडनमध्ये मायकेल फॅरडे यांनी चुंबकाच्या प्रभावाखालील जड काचेतून ध्रुवित प्रकाश सोडला, तेव्हा त्याच्या कंपनाची दिशा वळली. मौज अशी की, परतताना हे वळण उलगडत नाही. उलट दुप्पट होते. १८८५ साली लॉर्ड रॅले यांनी यावरून एक युक्ती सुचविली. जाताना ४५ अंश, येताना आणखी ४५. मिळून ९० अंश झाले, की ध्रुवक स्फटिकाचे दार बंद!

लेसरला स्वतःचाच परतलेला प्रकाश बाधतो. म्हणून हे दार आज तेथे नित्य लागते. परंतु ते नखाएवढ्या चकतीवर बसविणे अवघड. २०११ साली मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी रशियन व जर्मन सहकाऱ्यांसह लोहयुक्त गार्नेटच्या पातळ थरावर सोन्याची अतिसूक्ष्म जाळी बसविली. तिच्या रेघा मीटरच्या अब्जांशात मोजाव्या लागतात. चुंबकाचा प्रकाशावरील परिणाम तिने कित्येक पटींनी वाढला. ही पुरती एकेरी वाट नव्हे. तिच्याकडे टाकलेले पाऊल होय.

त्याच वर्षी 'सायन्स' नियतकालिकात, चुंबकाविनाच सिलिकॉनच्या सूक्ष्म वाहिकेत एकेरी प्रकाश साधल्याचा दावा प्रसिद्ध झाला. २०१२ साली इतर शास्त्रज्ञांनी त्याच नियतकालिकात दाखवून दिले की, त्या रचनेत परतीची वाट खुलीच राहते. आमच्या माडीच्या जाळीचीच ती गोष्ट!

जालना हे लोखंडी सळ्यांच्या कारखान्यांचे गाव. गार्नेटमधील लोहानेच प्रकाशाची ही वाट अडते, याचे आम्हांस कौतुक वाटते. परंतु त्याहून मोठा धडा निराळा आहे. कोणी एकेरी वाटेची ग्वाही दिली, तर आपण इतकेच विचारावे: दिवा पलीकडे ठेवून पाहिलात काय?