जुना कॅमेरा ऑनलाइन विकला आणि पैसे अडकले तर काय करावे?

लग्नसराई संपली की जुनी कॅमेरा बॉडी, लेन्स किंवा फ्लॅश ऑनलाइन विकायला काढणारे तरुण आपल्याकडे बरेच आहेत. वस्तू हजारोंची, गिऱ्हाईक अनोळखी. माल हातातून गेला की पैशांवरून कटकट सुरू होते. हे वाद साधारण तीन प्रकारचे असतात आणि प्रत्येकाचा मार्ग वेगळा आहे.

१) पैसे आलेच नाहीत

गिऱ्हाईक मोबाइलवर "पेमेंट सक्सेसफुल" असा स्क्रीनशॉट दाखवतो, पण खात्यात काही नसते. स्क्रीनशॉट किंवा एसएमएस म्हणजे पैसे नव्हेत, दोन्ही बनावट असू शकतात. आपल्या बँकेच्या ॲपमध्ये शिल्लक वाढलेली दिसली तरच माल द्या. चेक असेल तर तो वटेपर्यंत थांबा. पैसे घेण्यासाठी यूपीआय पिन कधीच टाकावा लागत नाही. "क्यूआर स्कॅन करा, पैसे येतील" किंवा "चुकून जास्त पाठवले, वरचे परत करा" असे कुणी म्हणाले तर आधी खाते तपासा.

फसवणूक झालीच तर वेळ घालवू नका. लगेच १९३० या राष्ट्रीय हेल्पलाइनवर फोन करा किंवा सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन या सरकारी पोर्टलवर तक्रार नोंदवा. खात्यातून पैसे गेले असतील तर बँकेलाही त्याच वेळी कळवा. पैसे पुढे सरकण्याआधी तक्रार पोहोचली तर ते रोखता येण्याची शक्यता जास्त. माल घेऊन पसार झालेल्याविरुद्ध पोलीस ठाण्यात भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली (फसवणूक) तक्रार देता येते.

२) अर्धे दिले, बाकीचे टाळतो

"लेन्समध्ये बुरशी निघाली", "शटर काउंट जास्त आहे" असे म्हणून उरलेली रक्कम अडवली जाते. कोकणासारख्या दमट हवेत लेन्सला बुरशी लागतेच, म्हणून आधी स्वतःला विचारा: ही खोट आपण सांगितली होती का? हकीम बिन हिझाम (रजि.) यांच्याकडून आलेल्या, बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांतील हदीसचा आशय असा की विकणारा-घेणारा खरे बोलले आणि दोष उघड केला तर सौद्यात बरकत येते, लपवले तर ती निघून जाते. खोट आपल्याकडूनच लपली असेल तर वस्तू परत घ्या किंवा किंमत कमी करा.

पण गिऱ्हाईक उगाच टाळत असेल तर गोष्ट वेगळी. ऐपत असून देणे लांबवणे याला हदीसमध्ये जुल्म म्हटले आहे. खरोखर अडचणीत असलेल्याला मात्र मुदत द्यावी, असे सूरह अल-बकरा, आयत २८० मध्ये सांगितले आहे. मुदत दिली तर तारीख लिहून घ्या.

एवढे करूनही पैसे मिळाले नाहीत तर वकिलामार्फत नोटीस पाठवा. दिवाणी दाव्याची मुदत साधारण ३ वर्षे असते. खर्च टाळायचा असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करून लोकअदालतीत तडजोड करता येते. चेक परत आला असेल तर बँकेचा मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस द्यावी लागते. नोटीस मिळाल्यावर १५ दिवसांत त्याने पैसे दिले नाहीत तर पुढच्या एका महिन्यात कोर्टात तक्रार करावी. या तारखा चुकवू नका. ग्राहक आयोग मात्र खरेदी करणाऱ्यासाठी आहे, विकणाऱ्याची तक्रार तिथे चालत नाही.

३) पैसे आले, पण खाते गोठले

गिऱ्हाईकाने दुसऱ्या कुणाला फसवून आलेले पैसे तुम्हाला दिले असतील तर पोलिसांच्या सांगण्यावरून बँक तुमच्या खात्यातली ती रक्कम किंवा पूर्ण खाते रोखू शकते. घाबरून गप्प बसू नका. कोणत्या पोलीस ठाण्याच्या कोणत्या तक्रारीवरून खाते रोखले, हे बँकेकडून लेखी घ्या आणि विक्रीचे पुरावे घेऊन तिथल्या तपास अधिकाऱ्याला अर्ज द्या. तरीही खाते सुटले नाही तर वकिलामार्फत कोर्टात जाता येते.

माल देण्याआधी एवढे जवळ ठेवा

- मूळ बिल, बॉडी व लेन्सचा सिरियल नंबर
- शटर काउंट, ओरखडे, बुरशी दाखवणारे फोटो
- गिऱ्हाईकाच्या ओळखपत्राची प्रत आणि मोबाइल नंबर
- सगळे चॅट, आणि पेमेंटचा यूटीआर नंबर
- किंमत, दिलेली व बाकी रक्कम, सांगितलेले दोष आणि दोघांच्या सह्या असलेला साधा कागद

सूरह अल-बकराच्या आयत २८२ मध्ये मुदतीची देणी लिहून ठेवण्याचा व साक्षीदार घेण्याचा हुकूम आहे. म्हणून कागद मागितला तर समोरच्यावर अविश्वास दाखवला असे होत नाही. शक्यतो गर्दीच्या ठिकाणी, घरातल्या एखाद्या मोठ्या माणसाला सोबत घेऊन व्यवहार करा. जो गिऱ्हाईक सही द्यायला किंवा ओळखपत्र दाखवायला कचरतो, त्याला माल न दिलेलाच बरा.