न्याय्य मजुरी (कोल्हापूर जिल्हा)

न्याय्य मजुरी : कामगाराचे आणि त्याच्यावर अवलंबून असलेल्यांचे नीट भागेल, शिवाय धंद्यालाही पेलेल असा कामाचा मोबदला. 1948 मध्ये नेमलेल्या न्याय्य वेतन समितीने वेतनाच्या तीन पायऱ्या सांगितल्या. तळाला किमान वेतन, वर निर्वाह वेतन आणि या दोहोंच्या मध्ये, उद्योगाच्या ऐपतीप्रमाणे वरखाली सरकणारे न्याय्य वेतन. मराठीत ‘निर्वाह’ हा शब्द इथे थोडा फसवतो. निर्वाह म्हटले की आपल्यापुढे जेमतेम गुजराण येते. पण राज्यघटनेच्या 43व्या अनुच्छेदातले निर्वाह वेतन ही सगळ्यात वरची पायरी आहे. त्यात चांगले राहणीमान, फुरसत आणि समाजात मिसळायची सवड हे सारे धरलेले आहे. शेती, कारखाना किंवा अन्य कोणतेही काम करणाऱ्या सर्व कामगारांना ते मिळावे, यासाठी राज्याने झटावे असे तो अनुच्छेद सांगतो. मात्र हे मार्गदर्शक तत्त्व असल्याने त्याच्या आधारे थेट कोर्टात मागणी करता येत नाही.

कोल्हापूर जिल्ह्यात हा विषय गुंतागुंतीचा होतो, कारण इथल्या मोठ्या धंद्यांत मजुरी दिवसावर नव्हे, मालावर मोजतात. इचलकरंजीत ती मीटरला, उसाच्या फडात टनाला, हुपरीच्या चांदीकामात किलोला आणि चपलांच्या धंद्यात जोडाला ठरते. कायदा माणूस, दिवस आणि उष्मांक मोजतो, धंदा मीटर आणि टन मोजतो. एका मापातून दुसऱ्या मापात येताना कामगाराच्या हाती काय उरते, तो या नोंदीचा विषय.

पूर्वपीठिका : वतन आणि वेठ यांच्या जमान्यात गावकीच्या कामाला मजुरी नव्हतीच. वतनाचा जमिनीचा तुकडा दिला की सरकारला आणि गावाला सगळे घर राबवून घ्यायचा हक्क मिळे. राजर्षी शाहू महाराजांनी 1918 मध्ये महार वतने रद्द करून जमिनी त्या त्या कुटुंबांच्या नावे केल्या, तेव्हा या व्यवस्थेच्या मुळावरच घाव बसला. सामाजिक सुधारणा म्हणून हा निर्णय सांगितला जातो. मजुरीच्या इतिहासातही त्याची जागा आहे, कारण कामाचे दाम मागायचे तर आधी काम नाकारायची मोकळीक हवी. हातकणंगले तालुक्यातील माणगावच्या मार्च 1920 मधल्या परिषदेत ज्या तरुण बाबासाहेब आंबेडकरांना महाराजांनी पुढारी म्हणून लोकांपुढे उभे केले, त्यांनीच पुढे मजूरमंत्री या नात्याने एप्रिल 1946 मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळात किमान वेतनाचे विधेयक मांडले. त्याचा कायदा 1948 मध्ये झाला.

आकडा कसा काढतात : 1957 च्या पंधराव्या भारतीय श्रम परिषदेने गरजांवर आधारलेल्या किमान वेतनाचे सूत्र ठरवले. एका कमावत्यामागे तीन ‘उपभोग एकके’ धरायची. स्वतः कामगार एक, बायको 0.8 आणि दोन मुले 0.6 प्रमाणे. प्रौढ माणसाला रोजचे 2700 उष्मांक, कुटुंबाला वर्षाला 72 वार कापड, सरकारी औद्योगिक घरकुल योजनेच्या हिशेबाने घरभाडे आणि जळण, दिवाबत्ती व इतर खर्चासाठी एकूण वेतनाच्या 20 टक्के. रॅप्टाकोस ब्रेट खटल्यात (1991) सर्वोच्च न्यायालयाने मुलांचे शिक्षण, औषधपाणी, करमणूक, लग्नकार्य, म्हातारपण यांसाठी आणखी 25 टक्के जोडले. ज्या धंद्याला एवढे किमान देणेही झेपत नाही त्याला चालू राहण्याचा हक्क नाही, असे न्यायालयाने क्राऊन अॅल्युमिनियम वर्क्सच्या निकालात (1957) आधीच सांगितले होते. 1982 च्या एशियाड कामगारांच्या खटल्यात तर किमान वेतनाहून कमी मजुरीवर काम करून घेणे ही वेठबिगारीच, असे घटनेच्या 23व्या अनुच्छेदाखाली ठरले.

या सूत्रातली एक अट सहसा विसरली जाते. हिशेब करताना बायकोमुलांची कमाई धरायची नाही, एकाच्या कमाईत घर चालले पाहिजे. कोल्हापुरातल्या मजुरीचे खरे दुखणे या एका वाक्यापाशी सापडते. त्याचा उलगडा खाली उसाच्या फडात होईल.

मागावरची मजुरी : इचलकरंजीत 1904 मध्ये पहिला यंत्रमाग बसला. जहागीरदार नारायणराव बाबासाहेब घोरपडे यांच्या पाठबळावर विठ्ठलराव दातारांनी तो आणला. आज शहरात आणि आसपास लाखभर माग आहेत. मजुरीचा आधार ‘पीक’. हे शिरोळ-हातकणंगल्याच्या शेतातले पीक नव्हे. कापडाच्या एका इंचात बसणारे आडवे धागे म्हणजे पीक, आणि 52 पिकी कापडाचा मीटरचा दर ही सगळ्या वाटाघाटींची मोजपट्टी. कापड दाट झाले की दर त्या प्रमाणात चढतो.

हिशेब एकदा करून पाहण्यासारखा आहे. मीटरचे इंच 39.37, तेव्हा 52 पिकी कापडाच्या एका मीटरात सुमारे 2047 आडवे धागे पडतात. साध्या मागाची गती मिनिटाला 150 धरली तर एका मीटरला जवळपास पावणेचौदा मिनिटे लागतात. बारा तासांच्या पाळीत, माग एकदाही न थांबता, साधारण 53 मीटर. एक कामगार सांभाळतो त्या चार मागांवर 211 मीटर. सोयीसाठी मीटरला एक रुपया धरला (करारातला दर वेगळा असतो) तर पाळीचे 211 रुपये झाले. पण माग थांबतोच. उभा धागा तुटतो, धोट्यातली कांडी संपते, उभ्या सुताचे बीम बदलायचे असते, वीज जाते. वेळेचा पाचवा हिस्सा असा गेला की 169 रुपये उरतात. थांबलेल्या मागाचे पैसे मिळत नाहीत, त्यामुळे वीज गेल्याचा तोटा वीज कंपनीच्या किंवा मालकाच्या नव्हे, कामगाराच्या खिशातून जातो. यावर नेहमीचे उत्तर ‘माग वाढवून घ्या’ असे असते, म्हणून चाराचे सहा होतात, सहाचे आठ होतात. आठवड्याचा पगार त्याने फुगतो खरा, पण फुगतो तो पायांच्या जोरावर, दरामुळे नाही. आणि हे सगळे बारा तासांचे आकडे आहेत. कायद्याचा दिवस आठ तासांचा आहे आणि त्यावरच्या तासांना दुप्पट दर आहे. मालावर मजुरीच्या (पीसरेटच्या) हिशेबात ही दुप्पट कुठे दिसतच नाही.

मालकाची बाजूही इथे पाहायला हवी, कारण इचलकरंजीतला मालक अनेकदा अर्धाच मालक असतो. खर्चीवाला यंत्रमागधारक माग आणि जागा स्वतःची घालतो, पण सुताची बिमे व्यापाऱ्याची. विणून दिलेल्या कापडाची मजुरी त्यालाही व्यापाऱ्याकडून पिकावरच मिळते. म्हणजे कामगाराला मीटरने पैसे देणारा माणूस स्वतःही एक प्रकारे पीसरेटवरच आहे. सुताचा भाव कोसळला, कापड उठेना झाले की व्यापारी खर्ची कमी करतो आणि तो ताण दोन पायऱ्या उतरून मागाजवळ उभ्या असलेल्या माणसावर येतो. वाटाघाटीच्या टेबलावर मात्र व्यापारी क्वचितच बसलेला दिसतो.

2013 मध्ये यंत्रमाग कामगारांचा मोठा संप झाला. त्यातून झालेल्या कराराने 52 पिकी दर तर वाढलाच, पण पुढची वाढ महागाईच्या निर्देशांकाशी जोडली गेली, हे त्या संपाचे खरे फलित. दर वेळी नव्याने संप करून दोन पैसे मागण्याची पाळी तत्त्वतः संपली. तत्त्वतः म्हणायचे कारण, जाहीर झालेली वाढ प्रत्येक खात्यात (म्हणजे मागांच्या कारखान्यात) दिली जाते की नाही, हा वाद दर वर्षी नव्याने पेटतो. जानेवारी 2015 मध्ये राज्य सरकारने यंत्रमाग उद्योगाचे किमान वेतन सुधारले. त्याआधीची सुधारणा 1986 मधली होती. मधल्या काळात एक पिढी मागावर उभी राहून निवृत्तही झाली. नव्या दराची अंमलबजावणी व्हावी म्हणून त्याच वर्षी इचलकरंजीच्या सायझिंग कामगारांनी दीड महिन्याहून अधिक काळ संप केला, आणि सायझिंग (सुताला खळ लावून बीम भरणे) बंद म्हणजे बीम नाही, बीम नाही म्हणजे माग नाही, या साखळीमुळे सारे गाव थांबले.

उसाच्या फडातली मजुरी : कोल्हापुरात नुसता ‘दर’ म्हटला की तो उसाचा. जयसिंगपूरच्या ऊस परिषदेत शेतकरी जो दर मागतात त्याच्या तळाच्या दराला ऊस नियंत्रण आदेशाचा आधार आहे. 2025-26 च्या हंगामाला केंद्राने 10.25 टक्के उताऱ्यास क्विंटलला 355 रुपये, म्हणजे टनाला 3550 रुपये एफआरपी (रास्त आणि किफायतशीर दर) ठरवली. तोडणी-वाहतुकीचा खर्च यातूनच कापला जातो. त्यामुळे तोडणाऱ्याची मजुरी वाढली की ती शेतकऱ्याला आपल्याच बिलातून गेल्यासारखी वाटते. एकमेकांना चांगले ओळखणारी दोन गरजू माणसे अशी समोरासमोर उभी केली जातात.

तोडणीचा दर साखर संघ आणि मजूर संघटना यांच्या करारातून ठरतो. जानेवारी 2024 मधल्या करारात त्यात 34 टक्के वाढ झाली आणि टनाचे 273 रुपये सुमारे 366 वर गेले. टोळी आणणाऱ्या मुकादमाचे कमिशनही 19 वरून 20 टक्के झाले. टक्केवारी ऐकायला भरघोस आहे. एक कोयता दिवसाला दोन टन ऊस तोडतो असे धरू. तोडायचे, पाचट सोलायचे, मोळ्या बांधायच्या, त्या डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढायचे, आणि हे सारे थंडीत पहाटे सुरू करायचे. याचे झाले 732 रुपये. पण कोयता म्हणजे एक माणूस नव्हे. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. तेव्हा माणशी 366, आणि तेही पूर्ण दोन टन पडले तर. फडात पाऊस झाला, गाडी कारखान्याच्या वजनकाट्यावर रात्रभर अडकली, तर तेही नाही.

श्रम परिषदेचे सूत्र इथे उलटे होऊन बसते. सूत्र म्हणते, एकाच्या कमाईत कुटुंब जगावे. फडात कुटुंबच्या कुटुंब राबते तेव्हा एकाची कमाई होते. शाळेच्या वयाचे पोर कोपीवर (झोपडीवर) धाकट्याला सांभाळते, त्याचे काम कोणत्याच टनात येत नाही.

त्यावर उचल. हंगामाआधी मुकादम आगाऊ रक्कम देतो आणि हंगामभराच्या टनांतून ती फिटते. बीड-परभणीकडच्या किंवा जत-विजापूरकडच्या कोयत्याला पावसाळ्यात पोटाला घालणारी रक्कम हीच असते, म्हणून तिला निव्वळ कर्ज म्हणणे अपुरे आणि निव्वळ मदत म्हणणे खोटे. मुकादमही निर्धास्त नसतो. उचल घेऊन टोळी फिरकलीच नाही तर कारखान्याचे पैसे त्याच्या अंगावर पडतात. अलीकडे ‘खुशाली’ किंवा ‘एंट्री’ या नावाने टोळ्या शेतकऱ्याकडून एकरी वा खेपेमागे वर पैसे घेतात. शेतकरी याला लूट म्हणतो आणि त्याची तक्रार खोटी नाही. पण करारातल्या दरात भागत नाही, हे सांगणारी याहून बोलकी पावती शोधून मिळणार नाही.

इतर धंदे : शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल-हातकणंगले इथल्या फौंड्र्यांत कायम कामगार आणि ठेकेदाराचा कामगार एकाच भट्टीशेजारी वेगवेगळ्या दराने उभे असतात. ठेक्याचे मोल्डिंग पेटीवर आणि फेटलिंग (ओतीव मालाची साफसफाई) किलोवर ठरते. हुपरीत मजुरी चांदीच्या वजनावर असते आणि कामात किती घट मान्य करायची यावर कारागिराचा नफा-तोटा हलतो. चपलांच्या धंद्यात वेणी घालण्याचे काम बहुधा घरातल्या बायका करतात. जून 2025 मध्ये प्रादा कंपनीने मिलानला कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या तेव्हा श्रेयावरून गदारोळ उठला. तो योग्यच होता. फक्त जोडामागे वेणीचे किती मिळतात, हे त्या गदारोळात फारसे कोणी विचारले नाही.

शेतातल्या रोजगाराची गोष्ट आणखी वेगळी. भांगलणीला जाणाऱ्या बायकांचा रोज गड्याच्या रोजापेक्षा कमी असतो आणि त्याला कारण म्हणून ‘बायकांचे काम हलके’ हे ठरलेले वाक्य येते. समान वेतनाचा कायदा 1976 मध्येच झाला होता. ज्याला हे काम हलके वाटते त्याने दुपारच्या उन्हात एक सरी उकिडवे बसून भांगलून पाहावी.

सद्यस्थिती : 2019 ची वेतन संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून देशात लागू झाली आणि 1948 चा किमान वेतन कायदा तिच्यात विलीन झाला. पूर्वी किमान वेतन फक्त अनुसूचीत नोंदलेल्या धंद्यांना होते, आता ते सर्व कामांना आहे. केंद्र एक तळवेतन ठरवेल आणि राज्यांना त्याखाली जाता येणार नाही, अशीही तरतूद आहे. त्याआधी, 2019 मध्येच, अनुप सत्पथी समितीने देशासाठी दिवसाला 375 रुपये सुचवले होते. सरकारने त्या वर्षी जाहीर केला तो राष्ट्रीय तळदर 178 रुपयांचा होता.

किमान वेतन वेळदरानेच ठरलेले असेल तर मीटर, टन किंवा जोड यांवर काम करणाऱ्यालाही त्यापेक्षा कमी देता येत नाही, हे जुन्या कायद्यात होते आणि नव्या संहितेतही आहे. पण हा हक्क मागायचा तर किती तास काम झाले याची नोंद हाताशी लागते. मागाच्या खात्यात दिवाणजी मीटर लिहितो आणि कारखान्याच्या काट्यावर टन लिहिले जातात. तासांची वही कामगाराला स्वतःच ठेवावी लागते.